परतीची वेळ आधी ठरवा

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरतो, डोंगर हिरवेच असतात आणि कड्यांवरून पाणीही वाहत असते. अशा वेळी पुण्या-मुंबईची कुटुंबे धबधब्यांकडे निघतात. रायगड जिल्ह्यातील भिरा गावाजवळचे देवकुंड त्यांपैकीच एक. ऐन पावसाळ्यात तेथे प्रशासन अनेकदा प्रवेशबंदी करते. वाट खुली झाल्यावर मात्र गर्दी होते. भिऱ्यापासून धरणाच्या पाण्याकडेने, मग जंगलातून, ओढे ओलांडत, एका बाजूला साधारण पाच-सहा किलोमीटरची ही चाल. माहितीत तिच्यापुढे ‘मध्यम’ असे लिहिलेले असते.

हा शब्द फसवा आहे. नेहमी डोंगर चढणाऱ्या तिशीतल्या तरुणाला जी वाट मध्यम, तीच रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या, वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला अवघड असते. म्हणून आठवडाभर आधी साधी चाचणी करावी. न थांबता चार मजले चढून पाहावे, पाठीवर पिशवी घेऊन दीड तास चालून पाहावे. छातीत दडपण, चक्कर किंवा बोलता येणार नाही इतकी धाप जाणवली, तर सहल पुढे ढकलावी आणि आधी डॉक्टरांना भेटावे.

दुसरे नियोजन वेळेचे. सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटर चालणारे कुटुंब चिखल, दगड आणि ओढ्यांच्या वाटेवर जेमतेम अडीच किलोमीटर चालते. म्हणजे जायला अडीच तास आणि यायला तेवढेच. सकाळी साडेसातला भिरा सोडले, तर दहापर्यंत धबधबा गाठता येतो. तेथे दीड तास घालवून साडेअकराला उलटे फिरले, की दुपारी दोनला गावात परत. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दरीतल्या झाडीत त्याआधीच अंधारते. हाती उरलेले चार तास वाया गेलेले नसतात, ती राखीव गंगाजळी असते. कोणाचा पाय मुरगळला, तर त्याला आधार देत आणायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. शिवाय परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर, विजांसह येतो. म्हणून नियम घरीच ठरवावा: बारा वाजले, की असू तेथून मागे फिरायचे. धबधबा अर्ध्या तासावर असला तरीही. थकल्यावर, पाण्याचा आवाज कानावर येत असताना हा निर्णय कोणालाच घेता येत नाही.

शरीराचे गणितही समजून घ्यावे. घाम वाळला तरच शरीर थंड होते. दमट जंगलात घाम वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे सावलीतही उष्णतेचा त्रास होऊ शकतो. मोठ्या माणसाला निदान दोन-तीन लिटर पाणी लागते. त्यातल्या एका लिटरात ओआरएसची एक पुडी पूर्ण विरघळवावी, अर्धी-पाव घालू नये. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही थांबण्याची खूण. सावलीत बसवून, कपडे सैल करून, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात असू शकतो. अंग थंड करत तातडीने रुग्णालय गाठावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, लांब चालण्याने साखर एकदम उतरू शकते. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या दिवशीच्या मात्रेबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.

सर्वांत मोठा धोका मात्र पाण्याचा. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाह पाहता पाहता वाढला आणि बाहेर पडायला वाटच उरली नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाला पाडते. खाली ऊन असताना वर घाटमाथ्यावर पाऊस पडत असू शकतो. पाणी अचानक गढूळ झाले, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज वाढला, तर सामान सोडून आधी उंचावर जावे. कुंडात उतरू नये, उडी तर मुळीच मारू नये. धबधब्याखालच्या पाण्यात हवेचे बुडबुडे इतके असतात, की ते अंग तोलून धरत नाही. पोहणारेही तेथे बुडतात, आणि त्यांना काढायला उतरलेलेही. बुडणाऱ्याकडे काठी, दोर, रिकामा कॅन, जे असेल ते काठावरूनच फेकावे.

वाटेवर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पकड असलेले बूट हवेत. जळू चिकटल्यास नखाने सरकवून काढावी आणि जखम दाबून धरावी. रक्त थोडा वेळ वाहते, घाबरू नये. सर्पदंश झाला, तर दोरी बांधणे, चिरा देणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. दंश झालेला हात किंवा पाय फळी-काठी लावून स्थिर करावा, माणसाला चालवू नये, उचलून आणावे. विषावरची लस रुग्णालयातच मिळते, त्यामुळे ती जवळ कुठे आहे याची चौकशी निघण्याआधीच करून ठेवावी. दरीत मोबाइलला रेंज नसते. गावातला वाटाड्या सोबत घ्यावा आणि घरी कोणाला तरी वाट व परतण्याची वेळ सांगून निघावे. रेंज मिळताच रुग्णवाहिकेसाठी 108 लावावा.

सहल गाडीत बसल्यावर संपत नाही. पायावरच्या ओरखड्यांतून लेप्टोचे जंतू शिरू शकतात. गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होऊ शकतो. दोन्हींचा ताप बहुधा एक-दोन आठवड्यांनी येतो, तोवर सहल विसरलेली असते. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, किंवा काखेत, कमरेशी, जांघेत काळी खपली दिसणे यांपैकी काहीही झाले, तर अंगावर काढू नये. दोन्ही आजार वेळेत ओळखले, तर साध्या, स्वस्त औषधाने बरे होतात. उशीर झाला, तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसांवर बेतते. तपासणीच्या वेळी ‘अमुक तारखेला जंगलात, ओढ्यात गेलो होतो’ एवढे एक वाक्य डॉक्टरांना न विसरता सांगावे. निदानाची दिशा अनेकदा त्यावरूनच ठरते.