झाड जंगलात, औषध काचेच्या चंबूत!

रायगडच्या घारापुरी बेटावरून खाडीपलीकडे ट्रॉम्बे दिसते. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अणूबरोबरच वनस्पतींच्या पेशींवरही काम होते. त्यातलेच एक झाड आपल्या सह्याद्रीतले, नरक्या. त्याची ही नवलाई वाचाच!

नंदुरबारचे नाव: कॅम्पटोथेसिन हे कर्करोगाशी लढणारे द्रव्य १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून शोधले. वाणींचा जन्म नंदुरबारचा!

काखेत कळसा: १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखवले. फुलांचा वास नकोसा, पण गुण लाखमोलाचा.

पेशीची कोंडी: पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होताना त्याचे धागे तात्पुरते तुटतात आणि पुन्हा सांधले जातात. हे द्रव्य तो सांधाच अडवते. कर्करोगाची पेशी मरते. त्यापासूनच टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे तयार झाली.

माती नाही, ऊन नाही: झाडाचा इवलासा तुकडा साखर, क्षार आणि संप्रेरके घातलेल्या खाद्यावर ठेवला की पेशींचा ओबडधोबड गोळा वाढतो. तो पातळ खाद्यात टाकून चंबू सतत हलवत ठेवतात. नरक्याच्या अशा पेशींत कॅम्पटोथेसिन तयार होते, हे ट्रॉम्बेच्या फुलझेले आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले.

खोटा हल्ला: कीड लागली की झाड जास्मोनिक आम्ल तयार करते. चंबूत तेच घातले, की पेशींना हल्ला झाल्यासारखे वाटते आणि अनेक वनस्पतींत औषधी द्रव्याचे प्रमाण वाढते.

आधी लिपस्टिक: पेशीसंवर्धनातून बाजारात आलेले पहिले द्रव्य म्हणजे जपानचे लालबुंद शिकोनिन. १९८०च्या दशकात ते लिपस्टिकमध्ये वापरले गेले.

टाकीतले टॅक्सॉल: १९७१ साली वॉल-वाणी जोडीनेच रचना उलगडलेले टॅक्सॉल हे कर्करोगाचे औषध आज मोठ्या टाक्यांत वाढवलेल्या पेशींतूनही मिळवतात. त्यासाठी यू वृक्षाची साल सोलावी लागत नाही.

नरक्याच्या चंबूतले उत्पन्न मात्र अजून झाडापेक्षा बरेच कमी आहे. म्हणून लाकडातल्या आणि मुळांतल्या या द्रव्यासाठी जंगलातल्या नरक्याची चोरटी तोड होते. सह्याद्रीत कुठे अशी तोड दिसली, तर वनखात्याला लगेच कळवा. प्रयोगशाळेलाही पहिला तुकडा जिवंत झाडाचाच लागतो!