ताणात झाड प्रथिनं बनवायचं थांबतं का?

शेतात पाणी तुंबलं किंवा ऊन फार चढलं की पीक ‘थांबलं’ असं आपण म्हणतो. वाढ थांबते हे खरंच. पण तेवढ्यावरून पेशीच्या आतलं कामही ठप्प झालं असं समजणं चूक आहे.

गैरसमज: ताणात प्रथिननिर्मिती घटते, ती इजा झाल्यामुळे.

बहुतांशी झाड स्वतःच ती आवरतं घेतं. प्रथिन बनवणं पेशीला फार महाग पडतं. साखळीत एकेक अमिनो आम्ल जोडायला सुमारे ४ एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्ची पडतात. पाणी तुंबून मुळांना ऑक्सिजन मिळेनासा झाला, की ग्लुकोजच्या एका रेणूतून जिथे तीसेक एटीपी मिळायचे, तिथे दोनच हाती लागतात. १९८० मध्ये सॅक्स, फ्रीलिंग आणि ओकिमोतो या शास्त्रज्ञांनी मक्याच्या रोपांची मुळं ऑक्सिजनविना ठेवून पाहिली. नेहमीच्या प्रथिनांची निर्मिती जवळजवळ थांबली. मात्र सुमारे २० प्रथिनं जोमाने बनत राहिली आणि एकूण निर्मितीतला ७० टक्क्यांहून जास्त वाटा त्यांचाच होता. अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे त्यांतलंच एक. हवेविना साखरेतून थोडीफार ऊर्जा मिळवत राहण्यासाठी ते लागतं.

गैरसमज: जनुकाचा निरोप, म्हणजे एम-आरएनए, तयार झाला की प्रथिन बनणारच.

मक्याचा हाच प्रयोग याचं उत्तर देतो, आणि मला तो त्याचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. गुदमरलेल्या मुळांतला आरएनए काढून परीक्षानळीत वाचायला दिला, तर नेहमीची प्रथिनंही तयार झाली! निरोप शाबूत होते. मूळ ते वाचत नव्हतं. पुढे अराबिडॉप्सिस या छोट्या रोपातही तेच दिसलं. ऑक्सिजन कमी पडताच बरेचसे निरोप रायबोसोमवरून, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावरून, उतरतात आणि हवा परत मिळाली की तासाभरात पुन्हा चढतात. म्हणून ‘अमुक जनुक सक्रिय झालं’ एवढ्याच आधारावर एखादं वाण ताण सोसणारं ठरवणं अपुरं आहे.

गैरसमज: उष्णतेपुढे झाड हतबल असतं.

१९८१ मध्ये ‘जो की’ नावाच्या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनची रोपं २८ अंशांवरून ४० अंशांत नेली. नेहमीच्या प्रथिनांचं काम मंदावलं आणि उष्माघात प्रथिनं बनू लागली. त्यांतली अनेक प्रथिनं इतर प्रथिनांची घडी मोडू देत नाहीत. आधी ४० अंश सोसलेली रोपं नंतर ४५ अंशांतही तगली. थेट ४५ अंशांत नेलेली मेली. यावरून पिकाला मुद्दाम तापवावं असा अर्थ मात्र काढू नये. त्या काळात वाढीची प्रथिनं मागे पडतात.

गैरसमज: प्राण्यांत आणि झाडांत ही यंत्रणा सारखीच.

काही अंशीच. प्रथिननिर्मितीच्या सुरुवातीलाच लगाम घालणारे चार किनेज (एक प्रकारची विकरं) माणसाच्या पेशीत आहेत; अराबिडॉप्सिसमध्ये त्यांपैकी जीसीएन-२ हे एकच सापडतं.

गैरसमज: झाड स्वतःला सांभाळतं, मग तुंबलेलं पाणी काढायची घाई कशाला?

अल्कोहोल डिहायड्रोजनेजचं मुख्य जनुक निकामी असलेला मका पाण्याखाली लवकर मरतो. ते शाबूत असलेलं मक्याचं रोपही काही दिवसच तग धरतं. निरोप जपून ठेवायलाही ऊर्जा लागते, आणि ती संपल्यावर चर काढून दिला तरी ते वाचायला पेशी जिवंत उरलेली नसते.