कार्बोरेटरचा जेट : कोणत्या नंबरचा आणि कशासाठी?

मोटारसायकल पेट्रोल फार खाते अशी तक्रार गॅरेजात केली, की पुष्कळदा एक उपाय सुचवला जातो : "मेन जेट एक नंबर लहान टाकू, अ‍ॅव्हरेज वाढेल." याउलट गाडी जोरात पळावी असे वाटणारा तरुण एक-दोन नंबर मोठा जेट मागतो. दोघांच्याही मनात जेट म्हणजे नळाची तोटी असते. लहान तोटी म्हणजे बचत, मोठी तोटी म्हणजे ताकद. यातले दोन्ही उपाय बहुधा वाया जातात आणि पहिला तर इंजिनाला महागात पडू शकतो. असे का, हे समजण्यासाठी ज्वलनाचे एक समीकरण, बर्नुलीचे तत्त्व आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र एवढे भांडवल पुरते.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्यूएल इंजेक्शन आले. पण त्याआधीच्या असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत. त्यांच्यापुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे, त्याकडे पुढे येऊच.

आधी रसायन. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. हिशेबासाठी त्यातले ऑक्टेन घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. ऑक्टेनचे २ रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे २५ रेणू लागतात. वजनात मांडले तर ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३.२ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे हवा लागते सुमारे १७२५ ग्रॅम. भागाकार येतो १५.१. प्रत्यक्ष पेट्रोलसाठी हा आकडा १४.७ धरतात. एक ग्रॅम पेट्रोलमागे हवा याहून जास्त झाली तर मिश्रण 'पातळ' (गॅरेजच्या भाषेत लीन), कमी झाली तर 'दाट' (रिच).

तेव्हा जेट पेट्रोलचे निव्वळ प्रमाण ठरवत नाही, तो हवेशी असलेले गुणोत्तर ठरवतो. सर्वाधिक ताकद साधारण १२.५ ते १३ या किंचित दाट गुणोत्तराला मिळते. याहून दाट केले की ताकद वाढत नाही, उलट कमी होते, प्लग काळा पडतो आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मोठा जेट मागणाऱ्या तरुणाची फसगत इथे होते.

आता हे गुणोत्तर कार्बोरेटर कसे राखतो ते पाहू. इंजिन हवा ओढते. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, म्हणजे व्हेंच्युरीतून, जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. समजा वेग सेकंदाला ६० मीटर झाला. हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर दाबातली घट येते २१६० पास्कल, म्हणजे पाण्याच्या सुमारे २२ सेंटिमीटर उंचीइतकी. वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतोच. या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर चढते आणि हवेत फवारले जाते. ग्लासात उभी धरलेली एक स्ट्रॉ आणि तिच्या टोकावरून आडवी फुंकर मारणारी दुसरी स्ट्रॉ घेतली, की हा खेळ वर्गात दाखवता येतो. अर्थात पाणी वापरूनच, पेट्रोल वर्गात आणायचे नाही.

यातली गंमत अशी, की हवेचा आणि पेट्रोलचा प्रवाह हे दोन्ही त्याच दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतात. इंजिन दुप्पट हवा ओढू लागले की पेट्रोलही आपोआप जवळजवळ दुप्पट येते. ना सेन्सर ना संगणक, तरीही गुणोत्तर बरेचसे टिकते. शंभरेक वर्षे या यंत्राने जगभरच्या गाड्या चालवल्या त्या याच बळावर.

जेटवरच्या आकड्याचे दोन अर्थ असतात. केहिनच्या जेटवर भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात कोरलेला असतो. १०० म्हणजे १.०० मि.मी. मिकुनीच्या मोठ्या षटकोनी मेन जेटवर मात्र प्रवाहाचा आकडा असतो. म्हणून एका कंपनीचा १०० काढून दुसऱ्या कंपनीचा १०० बसवणे म्हणजे तोच जेट बसवणे नव्हे. व्यासाचा आकडा असेल तिथे आणखी एक भान ठेवावे लागते. प्रवाह क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. १०० चा १०५ केला तर भोक केसाच्या जाडीएवढे वाढते, पण क्षेत्रफळ १० टक्क्यांनी. ११० केला तर २१ टक्क्यांनी. दोन बाटल्यांना बुडाजवळ सारख्याच उंचीवर २ आणि ४ मि.मी.ची भोके पाडून सुरुवातीचे पंधरा सेकंद पाणी गोळा केले, तर दुप्पट भोकातून चौपटीच्या आसपास पाणी येते.

आता मुख्य मुद्दा. कार्बोरेटरमध्ये एकच जेट नसतो आणि मूठ जशी पिळत जावी तसा अंमल एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मूठ जेमतेम उघडी असताना पायलट जेट (स्लो जेट) आणि एअर स्क्रू यांचे राज्य असते. तिथून पाव उघडीपर्यंत स्लाइडच्या खालच्या कापाचा प्रभाव जाणवतो. साधारण पाव ते पाऊण उघडीत निमुळती सुई आणि ती ज्यात खालीवर होते तो नीडल जेट. मेन जेटची पाळी पाऊण उघडीनंतर.

असे का? एक हिशेब करू. समजा मेन जेट १.०० मि.मी.चा आहे, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ०.७९ चौ.मि.मी. नीडल जेट २.६० मि.मी.चा आणि अर्ध्या उघडीला त्यात असलेल्या सुईची जाडी २.५० मि.मी. दोघांमधल्या कड्याच्या आकाराच्या फटीचे क्षेत्रफळ येते ०.४० चौ.मि.मी. पेट्रोलला आधी मेन जेट आणि मग ही फट अशा दोन दारांतून जायचे आहे, आणि खरी अडवणूक अरुंद दाराशी होते. मूठ पूर्ण पिळली की सुई वर उचलली जाते, तिचा बारीक भाग फटीत येतो. तो २.२० मि.मी. असेल तर फट १.५१ चौ.मि.मी. होते. आता अरुंद दार मेन जेटचे.

शहरात गाडी चालवताना मूठ क्वचितच अर्ध्यापुढे जाते. म्हणजे मेन जेट लहान केल्याने शहरातल्या अ‍ॅव्हरेजमध्ये सहसा काही फरक पडत नाही. फरक पडतो तो महामार्गावर किंवा घाटात, मूठ पूर्ण पिळलेली असताना. तिथे कारखान्याने मिश्रण मुद्दाम दाट ठेवलेले असते, कारण जादा पेट्रोल ज्वलनाचे तापमान आवाक्यात ठेवायला मदत करते. नेमके तेच आपण काढून घेतो. पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, आणि टू-स्ट्रोक गाडीचा पिस्टन जाम होण्याचा धोका वाढतो.

उंचीचा परिणाम हा याच सूत्राचा दुसरा भाग. हवा विरळ झाली की तिचे वजन घटते, पेट्रोलची घनता मात्र तीच राहते. हिशेब केला तर मिश्रण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात दाट होते. महाबळेश्वरच्या सुमारे १३५० मीटर उंचीवर हे दाटपण ७ टक्क्यांच्या आसपास असते, त्यासाठी काही करायला नको. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास ७० टक्के असते आणि मिश्रण १९ टक्क्यांनी दाट होते. १०० नंबरच्या जागी ९२ च्या आसपासचा जेट हवा असे गणित सांगते. जुनी गाडी घेऊन लडाखला जाणारे लहान जेट सोबत ठेवतात ते याचसाठी. मात्र गेलेली ३० टक्के हवा कोणताही जेट परत आणत नाही, ताकद कमीच राहते. आणि खाली उतरल्यावर जुना जेट परत बसवायलाच हवा, नाहीतर पातळ मिश्रणावर गाडी पळत राहील.

आता तो नवा प्रश्न. २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला ९ पट हवाच पुरते. मिश्रणाचे योग्य गुणोत्तर त्यामुळे १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. जुना कार्बोरेटर मात्र जुन्याच मापाने पेट्रोल देत राहतो, म्हणजे गाडी सुमारे ८ टक्क्यांनी पातळ चालते. क्षेत्रफळ ८ टक्के वाढवायचे तर व्यास ४ टक्के, १०० चा १०४. बाजारात जवळचा नंबर १०५. पण रोजच्या वापरात अंमल सुईचा असल्याने आधी सुईची क्लिप एक खाच खाली बसवून सुई वर घेणे आणि एअर स्क्रू थोडा आत पिळणे जास्त शहाणपणाचे. रबरी भागांवर इथेनॉलचा काय परिणाम होतो हा वेगळा विषय, तो जेट बदलून सुटत नाही.

गाडी अडखळत असेल तर आधी एअर फिल्टर, प्लग, फ्लोटची पातळी आणि इंजिनाशी जोडणाऱ्या रबराची गळती तपासावी. जेटला दोष देण्याची घाई बहुतेक वेळा इथेच उघडी पडते. हे सारे ठीक असेल तर मुठीवर आणि शेजारी चिकटपट्टी लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा कराव्यात आणि नेमकी कोणत्या उघडीला गाडी अडखळते ते पाहावे. त्या जागी चोक किंचित ओढल्यावर सुधारली तर मिश्रण पातळ, आणखी बिघडली तर दाट. मग त्या टप्प्याचा जो मालक असेल तोच भाग बदलायचा, आणि एका वेळी एकच. व्हॅक्यूमवर सरकणाऱ्या स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये या खुणा तितक्या काटेकोर लागू पडत नाहीत, कारण तिथे स्लाइड मुठीच्या हुकमात नसते.

पीयूसी केंद्रावर दुचाकीची तपासणी गाडी जागेवर, स्लोवर चालू ठेवून होते. तेव्हा अंमल पायलट जेटचा आणि एअर स्क्रूचा असतो. मेन जेट कितीही चुकीचा असला तरी त्या कागदावर तो उमटत नाही. तारेने वर्षानुवर्षे साफ केलेला पितळी पायलट जेट मात्र उमटतो. तो ०.४० मि.मी.चा असेल आणि घासून ०.४२ झाला असेल, तर क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढलेले असते. म्हणून जेट साफ करायचा तो कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने, तारेने नाही.