बाटलीतलं दुधाळ पाणी

हृदयाचं ऑपरेशन झालेल्या बाळाच्या छातीत नळी असते. तिच्यातून बाटलीत उतरणारं पाणी सुरुवातीला लालसर, मग पिवळसर दिसतं. बाळाला दूध सुरू होतं आणि एखाद्या बाळाच्या बाटलीतलं पाणी पांढरं होतं. देहूरोडहून लोकलनं पुण्याला भेटायला आलेल्या नातेवाइकांपैकी कुणीतरी ते बघतं आणि निदान करून मोकळं होतं: दूध फुप्फुसात गेलं. त्यापुढचा प्रश्न आईला असतो, "आडवं घेऊन पाजलंस ना?"

हा गैरसमज मला सगळ्यांत अन्यायाचा वाटतो. दूध चुकून श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो, न्यूमोनिया होऊ शकतो. पण ते जातं फुप्फुसाच्या आत. नळीतून येणारं पाणी असतं फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामधल्या पोकळीतलं. तिथे पाजलेलं दूध उतरायला वाटच नाही.

मग पांढरं काय? ती लसीका, म्हणजे लिम्फ. रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती झिरपलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्तात नेणाऱ्या बारीक वाहिन्यांचं जाळं अंगभर असतं. आतड्यातून शोषलेली चरबीही याच वाटेनं जाते, म्हणून जेवणानंतर ही लसीका दुधाळ होते. इटलीतल्या गास्पारे असेली यांनी १६२२ मध्ये नुकतंच खाल्लेल्या कुत्र्याचं पोट उघडलं तेव्हा त्यांना या पांढऱ्या वाहिन्या दिसल्या. उपाशी कुत्र्यात त्या दिसत नव्हत्या. पोटातली ही सगळी लसीका छातीतल्या एका मोठ्या वाहिनीतून वर चढते आणि मानेच्या डाव्या बाजूला मोठ्या शिरेत रिकामी होते. ही वाहिनी नाजूक असते, दिसायला जवळजवळ पारदर्शक, आणि प्रत्येकात तिची वाट थोडी वेगळी. हृदयाच्या शस्त्रक्रियेत तिला किंवा तिच्या फाट्यांना इजा होऊ शकते, मानेतल्या शिरेत गुठळी होऊन तिचं तोंड अडू शकतं. मग लसीका छातीत साठते. याला कायलोथोरॅक्स म्हणतात. पाण्यात ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या वर आणि पेशींत बहुतांश लिम्फोसाइट निघाले की निदान पक्कं होतं. बाळ उपाशी असेल तर हेच पाणी पिवळसर दिसतं, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नये.

"म्हणजे डॉक्टरांच्या हातून चूक झाली." कधी इजा असते, हे खरं. पण बऱ्याचदा सुरीचा काही संबंध नसतो, सगळा खेळ दाबाचा असतो. पावसाळ्यात इंद्रायणी फुगली की तिला मिळणाऱ्या ओढ्यांचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फिरून शेतात शिरतं. लसीकेचंही तेच. ती ज्या शिरेत रिकामी व्हायची तिथला दाब वाढला की ती तुंबते आणि वाट मिळेल तिकडे वळते.

काही मुलांत हा दाब कायमचा वाढलेला असतो. ज्यांच्या हृदयाचा एकच कप्पा नीट काम करतो, त्यांच्यासाठी फ्रान्सच्या बोर्दो शहरात फ्रान्सिस फोंतां यांनी १९६८ मध्ये एक शस्त्रक्रिया केली आणि १९७१ मध्ये तिचा अहवाल छापला. त्यात अशुद्ध रक्त हृदयाला वगळून थेट फुप्फुसांकडे वळवतात. आज हे काम टप्प्याटप्प्यानं होतं. शेवटचा टप्पा साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात. निळं पडणारं मूल गुलाबी होतं, शाळेत जातं. पण रक्त ढकलायला पंप नसल्यानं शिरांमधला दाब चढाच ठेवावा लागतो: निरोगी माणसात दोन ते सहा मिलिमीटर पारा, या मुलांत बहुधा दहा ते पंधरा. त्या दाबानं यकृतात लसीका जास्त तयार होते आणि तिच्या बाहेर पडण्याच्या वाटेवरही तोच दाब असतो. "ऑपरेशन झालं, आता हृदयाचं काही उरलं नाही" हे वाक्य अशा मुलाच्या बाबतीत कधीच बोलू नये.

कारण पुढे काही वर्षांनी खोकला सुरू होऊ शकतो. आणि खोकला म्हटलं की आपल्याकडे दोनच नावं निघतात, दमा आणि टीबी. इन्हेलर होतो, अँटिबायोटिक होतात, कुणी लोणावळ्याला हवापालट सुचवतं. मुलाला धाप लागतच राहते, ऑक्सिजन खाली येतो आणि एके दिवशी खोकताना पांढरट, रबरी, शाखा फुटलेला तुकडा पडतो. घरचे घाबरतात: जंत आहे, मांस आहे, फुप्फुस तुटून आलं. यातलं काहीच नसतं. लसीका उलटी फिरून श्वासनलिकांत झिरपते, तिथे तिच्यातली प्रथिनं गोठतात आणि नळ्यांचा हुबेहूब साचा तयार होतो. हा प्लास्टिक ब्राँकायटिस. फोंतां शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत तो शंभरात चारांपर्यंत आढळतो असा अंदाज आहे. दुर्मीळच, पण मोठी श्वासनलिका बुजली तर जिवावर बेतणारा. तुकडा टाकून देऊ नका. स्वच्छ बरणीत पाण्यात ठेवा, त्याच्या फांद्या उलगडतात. ती बरणी किंवा निदान फोटो हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. त्या एका फोटोनं महिनोन् महिन्यांचं चुकीचं औषध थांबू शकतं. दम घुसमटत असेल, ओठ निळे पडत असतील तर मात्र फोटोच्या नादी न लागता तातडीनं रुग्णालय गाठा. टीबीची तपासणी करू नये असं मी म्हणत नाही. क्षयाच्या गाठींमुळेही क्वचित लसीकेची वाट अडते.

लोणावळ्याचा विषय निघालाच आहे तर प्राणायामाचंही सांगतो. कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ पासून तिथे आहे, मावळात घरोघरी योग माहीत आहे. साधा दीर्घ श्वास या मुलांना चांगलाच, कारण आत घेतलेला श्वास रक्ताला फुप्फुसांकडे ओढतो. श्वास कोंडून जोर लावणं मात्र हा प्रवाह कमी करतं. कुंभक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता तूप. ऑपरेशन झालेल्या पोराला साजूक तूप, लोणी, खारीक-बदाम हे आजीचं प्रेम. पण कायलोथोरॅक्समध्ये नेमकी चरबीच गळतीला खतपाणी घालते. म्हणून काही आठवडे चरबी जवळपास बंद करून एमसीटी नावाचं खास तेल देतात. त्यातली चरबी लसीकेत न जाता थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शोषली जाते. "मग खोबरेल तेल चालेल, त्यातही तेच असतं" हा नवा, मोबाइलवरून आलेला समज. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि त्याचा मोठा भाग लसीकेच्याच वाटेनं जातो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत आईलाच तूप-तेल बंद करतात, तेही व्यर्थ. आईनं कोरडी भाकरी खाल्ली म्हणून दुधातली चरबी जात नाही. रुग्णालयात आईचं दूध यंत्रात फिरवून साय वेगळी करतात आणि उरलेलं बाळाला देतात. बाळंतिणीनं पोटभर जेवावं.

"पाणी काढलं की ताकद जाते." हे अर्धं खरं आहे. लसीकेबरोबर प्रथिनं, रोगाशी लढणाऱ्या पेशी, रक्त गोठवणारे घटक वाहून जातात. पण पाणी आत राहू दिलं तर फुप्फुस दबतं. म्हणून नळी ठेवून जे गेलं ते भरून काढतात. गळती न थांबल्यास ऑक्ट्रिओटाइड हे औषध, शिरेतून पोषण, शेवटी वाहिनी बांधणं.

आणि "याला इलाज नाही" हेही आता जुनं झालं. जांघेतल्या लसीकेच्या गाठीत औषध टोचून एमआरआयवर लसीकेची वाट दिसते, चुकीची फांदी सुईच्या वाटेनं बंद करता येते. फिलाडेल्फियाच्या योआव डोरी आणि मॅक्सिम इटकिन यांच्या गटानं २०१६ मध्ये प्लास्टिक ब्राँकायटिसचे अनुभव मांडले: उपचार केलेल्या १७ जणांपैकी १५ जणांना लक्षणीय आराम पडला. उपचाराला धोके आहेत, आणि तो मोजक्याच केंद्रांत होतो. देहूरोडच्या डेपोतल्या लष्करी कुटुंबाची वाट पुण्यात 'सीटीसी'कडे, म्हणजे आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेसकडे जाते. इतरांनी अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठावं. २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या या योजनेत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात हृदयदोष येतात. जाताना ऑपरेशनचा कागद, शेवटचा इको आणि तो फोटो बरोबर न्यावा. खोकल्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य "याचं फोंतां झालंय" हेच असू द्या, "याला सर्दी झालीय" हे नंतर.