गांडूळ किती वाजता मिळतं?

जिमची फी, ट्रेकचं बुकिंग, कॉन्फरन्सचं रजिस्ट्रेशन... जिकडे बघावं तिकडे 'अर्ली बर्ड' रेट! एक गंमत लक्षात आलीय? यात सकाळी उठायची अटच नसते. रात्री दोन वाजता पांघरुणात लोळत पैसे भरले, तरी तुम्ही अर्ली बर्डच.

'द अर्ली बर्ड कॅचेस द वर्म' ही त्यामागची अख्खी म्हण. जॉन रे या इंग्लिश निसर्गअभ्यासकाच्या १६७०च्या म्हणींच्या संग्रहात ती सापडते. शाळेत आपल्याला 'वर्म' म्हणजे किडा असं शिकवलं. इथे डोळ्यांसमोर गांडूळ आणा, मग म्हण पटते. गांडूळ कातडीतून श्वास घेतं, म्हणून त्याला ओलावा लागतो. रात्रीच्या दमट हवेत ते जमिनीवर येतं आणि ऊन चढलं की पुन्हा बिळात. इंग्लंडमधल्या हिरवळीवर पहाटे उतरणाऱ्या ब्लॅकबर्डला आयता ब्रेकफास्ट!

बोलताना मात्र पूर्ण म्हण फेकू नका, भाषण वाटतं. मीटिंगला कुणी आधीच येऊन बसलं असेल तर 'यू आर अ‍ॅन अर्ली बर्ड!' एवढं पुरे. सूर हसरा हवा. आणि पहाटेपेक्षा 'इतरांच्या आधी' हा अर्थ इथे जास्त चालतो. एप्रिल १९६५ मध्ये सोडलेल्या इंटेलसॅट-१ या पहिल्या व्यावसायिक दळणवळण उपग्रहाचं लाडकं नावसुद्धा 'अर्ली बर्ड'च होतं. आपलं 'हाजीर तो वजीर' यापासून फार लांब नाही. त्यातही घड्याळ कुठाय?

पण बॉस लोकांना घड्याळच दिसतं. माझी एक मैत्रीण हिंजवडीत नाइट शिफ्ट करते. शिफ्ट सकाळी सहाला संपणार आणि टीमचा रिव्ह्यू कॉल नऊला! एकदा ती सात मिनिटं उशिरा कॉलवर आली, तर मॅनेजरने सगळ्यांसमोर हीच म्हण ऐकवली. ती शांतपणे म्हणाली, "सर, गांडूळ पहाटे तीनलाच पकडलंय. मेल बघा." घरी वेगळी तऱ्हा. दुपारी बाराला उठली की शेजारच्या काकू विचारणार, "बरं नाही का गं?"

तिची शिफ्ट कंपनीने ठरवलेली. काहींचं तर शरीरच रात्री खुलतं. शरीरातलं हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, ते उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा निशाचरांना इंग्रजीत 'नाइट आउल' म्हणतात. मराठीत कुणाला घुबड म्हणून बघा, मैत्री तुटेल!

मैत्रिणीने शेवटी एचआरला लेखी कळवलं. दोन महिने गेले, पण तिच्या टीमचा रिव्ह्यू आता रात्री साडेनऊला, शिफ्ट सुरू होतानाच होतो. मॅनेजर घरून कॉलवर असतो. जांभया देत.