वस्तीचा रेडिओ: परवान्याबद्दल ऐकीव किती, खरे किती

ठाणे-डोंबिवलीत सामुदायिक रेडिओचा विषय निघाला की ‘लायसन्सला कोट्यवधी लागतात’ आणि ‘सरकार बोलू देणार नाही’ ही दोन वाक्ये हमखास येतात. पहिले चूक आहे. दुसरे अर्धे खरे आहे.

कोटींची बोली खासगी एफएमच्या लिलावात लागते. सामुदायिक केंद्रासाठी लिलाव नसतो. लहरींच्या वापराचे वार्षिक शुल्क मात्र भरावे लागते. खरा खर्च स्टुडिओ, ट्रान्समीटर आणि माणसांचा. त्यासाठी जाहिराती घेता येतात: पूर्वी तासाला ७ मिनिटे, २०२४च्या सुधारित नियमांनुसार १२.

परवानगी महापालिका किंवा जिल्हाधिकारी देत नाहीत. ती केंद्राचे माहिती व प्रसारण मंत्रालय देते. सोसायटीतल्या चार मित्रांना ती मिळणार नाही, राजकीय पक्षालाही नाही. २००२मध्ये हे दार फक्त शिक्षणसंस्थांना उघडले. २००६पासून नोंदणीकृत, ना-नफा संस्थांनाही प्रवेश मिळाला, पण किमान तीन वर्षांचे काम गाठीशी हवे. म्हसवडचा माणदेशी तरंग आणि बारामतीची शारदा कृषी वाहिनी महाराष्ट्रातच चालतात.

‘अख्ख्या ठाणे जिल्ह्याचा एक रेडिओ’ ही कल्पनाही सोडावी. १०० वॉटच्या मर्यादेत आवाज पाच-दहा किलोमीटर जातो. डोंबिवलीचे केंद्र कल्याणला ऐकू येईल. ठाण्याच्या वाटेत पारसिकचा डोंगर आहे.

आता बोलण्याचे. प्रत्येक कार्यक्रम आधी सरकारला दाखवावा लागत नाही. आकाशवाणीची कार्यक्रम-संहिता पाळायची आणि ध्वनिमुद्रण तीन महिने जपायचे. मात्र स्वतःच्या बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय कार्यक्रम देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत अनुवाद करून देता येतात, म्हणजे आगरीतही. शिवाय हवामान, वाहतूक, परीक्षा, नोकऱ्या, तसेच प्रशासनाने कळवलेले पाणी, वीज, आपत्ती आणि आरोग्याचे इशारे यांना नियम बातमी मानत नाहीत. उल्हास किंवा वालधुनी चढली की कोणता रस्ता बंद, निवारा कुठे, हे सांगायला कसलीच आडकाठी नाही. २६ जुलै २००५चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण २३ मे २०२४ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा घरांना खेटून रासायनिक कारखाने का, हा प्रश्न केंद्राने चर्चेला घेतला असता तर तो चालू घडामोडींत मोडला असता आणि परवाना धोक्यात आला असता. मला हे अन्यायाचे वाटते. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि मोबाइलवर जे मोकळेपणाने बोलले जाते, ते वस्तीच्या रेडिओला मना आहे. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच सांगितले होते.

केवळ इंटरनेटवरून ऐकवायचे असेल, तर लहरींचा परवाना लागत नाही. गाण्यांचे हक्क मात्र तिथेही घ्यावेच लागतात.