झोपेतल्या साखरेवर पहारा

रक्तातील साखर दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरली की जागेपणी धडधड, थरथर आणि घाम ही लक्षणे मधुमेही व्यक्तीला सावध करतात. झोपेत मात्र ॲड्रेनॅलिन या संप्रेरकाचा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे इशारा क्षीण होतो आणि इन्सुलिन घेणाऱ्याला जाग येण्याआधीच त्याच्या मेंदूला ग्लुकोज अपुरे पडू लागते. टाइप 1 मधुमेहावरील ‘डीसीसीटी’ या अमेरिका-कॅनडातील दीर्घ चाचणीच्या 1991 सालच्या अहवालानुसार साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे निम्म्याहून अधिक प्रसंग झोपेत घडले होते. सकाळच्या उपाशीपोटी तपासणीत अशा घसरणीचा मागमूसही उरेलच असे नाही.

ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे सीजीएम, अर्थात सतत ग्लुकोज मापन. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेल्या संवेदकाचा बारीक तंतू त्वचेखाली राहतो, त्यावरील ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरामुळे घडणाऱ्या रासायनिक क्रियेतून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून दर काही मिनिटांनी मोबाइलवर आकडा उमटतो. हा आकडा रक्तातला नसून पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोजचा असतो, म्हणून साखर वेगाने बदलत असताना तो काही मिनिटे मागे राहतो. शिवाय संवेदक लावलेल्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे तेथील द्रवाचे अभिसरण घटते व साखर प्रत्यक्षात ठीक असूनही गजर वाजतो. असे वारंवार झाले की थकलेले कुटुंब गजरच बंद करून टाकते आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. संवेदकाची जागा बदलणे आणि शंका आल्यास बोटातील रक्ताचा थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर खात्री करणे, हाच त्यावरील योग्य उपाय आहे. काही इन्सुलिन पंप तर घसरणीचा अंदाज येताच इन्सुलिन आपोआप थांबवतात, आणि रात्रीच्या दृष्टीने ही सोय सर्वांत मोलाची म्हणावी लागेल.

त्वचेला न टोचता साखर मोजण्याचे आकर्षण जुने आहे. अमेरिकेत 2001 साली मान्यता मिळालेले ‘ग्लुकोवॉच’ मनगटावर सौम्य विद्युतप्रवाहाने त्वचेतून ग्लुकोज ओढून घेई. परंतु घाम आला की त्याचे मापन चुके, आणि घाम हेच तर साखर घसरल्याचे लक्षण! त्वचेचा दाहही होत असल्याने ते टिकले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा दिला. अशा घड्याळाच्या आकड्यावर विसंबून रात्रीच्या इन्सुलिनची मात्रा कोणीही ठरवू नये.